आपल्या वस्तीत एक संध्याकाळचं फिल्म कॉलेज हवं

मुसलमानांवर बनवलेल्या व्हिडिओंची आज काही कमी नाही. रात्री न्यूज चॅनेल लावलं की आपल्यावर चर्चा चालू असते. व्हॉट्सॲप उघडलं की एखादी क्लिप येऊन पडलेली असते. दुसरीकडे आपल्याच लोकांच्या जोशपूर्ण भाषणांचे रील आहेत, मागे मोठं म्युझिक लावलेले. दोन्हीकडे आवाज चढलेला असतो आणि माणूस मात्र कुठे दिसत नाही. भिवंडीचा यंत्रमाग कामगार, मिरजेचा सतार बनवणारा कारागीर, नवरा आखातात असताना कोकणातलं घर एकटीने सांभाळणारी बाई, औरंगाबादहून यूपीएससीसाठी पुण्याला आलेली मुलगी, यांतलं कोणी त्या व्हिडिओंत नसतं. असतं ते बहुतेक वेळा दाढी, बुरखा आणि मशिदीचा मिनार, तेही दुरून घेतलेलं.

मीडिया आपल्याला नीट दाखवत नाही, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि ती खरी आहे. पण तीस वर्षं तीच तक्रार करूनही आपल्या वस्तीत व्हिडिओ बनवण्याचं रीतसर शिक्षण देणारी जागा उभी राहिली नाही. मेडिकल, इंजिनिअरिंग आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास उभे राहिले, आणि ते हवेच होते. आता त्यांच्या शेजारी एक खोली कॅमेऱ्याचीही हवी. स्वस्त, घराजवळ, नोकरी करणाऱ्याला आणि घर सांभाळणारीलाही जमेल अशा वेळेची. हे स्वप्नरंजन नाही. अशी व्यवस्था मी रोज वापरतो आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सध्या कॅलिफोर्नियात काम करतो. ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी मी क्युपर्टिनोमधल्या डी अँझा कॉलेजात फिल्म आणि टीव्ही प्रॉडक्शन शिकतो. अॅपलचं मुख्यालय इथून जवळच आहे, त्यामुळे या गावाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. याच गावात १९६७ साली सुरू झालेलं हे सरकारी कॉलेज आहे, हे मात्र आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं.

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांचं, स्थानिक लोकांसाठीचं सार्वजनिक कॉलेज. ही कल्पना १९०१ सालची, इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट इथली. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, टक्क्यांची अट नाही. वय अठरा पूर्ण असेल तर दार उघडं. राज्याच्या रहिवाशाला माझ्या कॉलेजात एका युनिटची फी ३१ डॉलर. चार युनिटचा एक कोर्स १२४ डॉलरला पडतो, म्हणजे साधारण दहा-अकरा हजार रुपये, वर काही किरकोळ शुल्क. या देशात खाजगी फिल्म स्कूलच्या फीसाठी लोक आयुष्यभराचं कर्ज काढतात, त्या तुलनेत हे काहीच नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसालाही नोकरी सांभाळून असे कोर्स करता येतात.

वर्गात माझ्या एका बाजूला अठरा वर्षांचा मुलगा बसतो आणि दुसऱ्या बाजूला रिटायर झालेली नर्स. एकजण बस चालवतो, एकीला दोन मुलं आहेत आणि वर्ग संपल्यावर तिला त्यांना आईकडून घ्यायला जायचं असतं. कोणी कोणाला विचारत नाही की या वयात हे कशाला. स्वस्त जागा म्हणून शिक्षण हलकं असतं, असंही नाही. 'स्टार वॉर्स'चा जॉर्ज लुकास आधी मोडेस्टोच्या अशाच कॉलेजात शिकला आणि मग मोठ्या विद्यापीठात गेला. टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजात दोन वर्षं होता. त्या कॉलेजाचे उपकार मानणारा लेख त्याने २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिला होता.

वर्गात काय शिकवतात

बाहेरून वाटतं की फिल्मचा कोर्स म्हणजे महागडा कॅमेरा आणि हीरोच्या गप्पा. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे पाहायलाच शिकवतात. उजेड कुठून येतोय, चेहऱ्याची कुठली बाजू अंधारात आहे, माणूस कोणाकडे बघतोय. मग एक नियम येतो: दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असं समजायचं आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर पाहणाऱ्याला कोण कोणाशी बोलतंय ते कळेनासं होतं. आपल्याकडच्या अनेक यूट्यूब मुलाखती पाहताना डोकं का दुखतं, ते मला तिथे कळलं.

सगळ्यात जास्त वेळ जातो आवाजावर. चित्र थोडं अंधुक असेल तर लोक सहन करतात, आवाज खराब असेल तर दहा सेकंदांत पुढे सरकतात. म्हणून कॉलर माईक कपड्यावर कसा लावायचा, पंखा बंद का करायचा, फ्रीजची घरघर कशी ओळखायची, हे सगळं शिकवतात. शूटिंग संपलं की सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एडिटिंग करताना दोन वाक्यांच्या मधली जागा तिनेच भरावी लागते.

इंजिनिअरला यातलं बरंच ओळखीचं वाटतं. फाइलींना नीट नावं द्यायची, दोन ठिकाणी बॅकअप ठेवायचा, कोणी काय करायचं ते आदल्या दिवशी कागदावर लिहायचं. कोड रिव्ह्यूमध्ये सहकारी चुका दाखवतात, तसं इथे दर आठवड्याला आपलं काम पंधरा जणांसमोर लावतात आणि सगळे बोलतात. बनवणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, फक्त ऐकून घ्यायचं. आपल्या सभांमध्येही हा नियम लावला तर किती बरं होईल, असं मला दर वेळी वाटतं.

व्हिडिओ खोटं कसं बोलतो

हे शिक्षण आपल्यासाठी छंदापुरतं नाही असं मी का म्हणतो, ते सांगतो.

एडिटिंगच्या पहिल्याच धड्यात लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग येतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला सूपची वाटी, शवपेटीतलं मूल आणि एक बाई अशा तीन वेगवेगळ्या दृश्यांशी जोडला. लोकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि वासना दिसली. चेहरा तोच होता. अर्थ जोडणीतून तयार झाला होता.

आता आपल्याकडचं पाहू. २०१३ मध्ये मुझफ्फरनगरच्या दंग्याआधी एक व्हिडिओ फिरला. मुसलमान जमाव स्थानिक मुलांना ठार मारतोय, असं सांगितलं गेलं. तो व्हिडिओ होता पाकिस्तानातल्या सियालकोटचा, २०१० चा. त्या दंग्यात साठहून जास्त माणसं मेली आणि हजारो कुटुंबं बेघर झाली. २०१८ मध्ये देशभर मूल पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा पसरली. तेव्हाच्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात. ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ जाहिरातीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि जागृतीचा फलक दाखवतात. कोणीतरी शेवटचे काही सेकंद कापले. तेवढ्याने जागृतीची जाहिरात गुन्ह्याचा पुरावा बनली.

त्याच अफवेच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागून पोट भरणारे. म्हणजे ही आग कोणाच्या घराला लागेल ते धर्म बघून ठरत नाही. आज बळी एक, उद्या दुसरा. आणि फॉरवर्ड करणाऱ्यांत आपणही असतो, हेही मान्य करायला हवं.

एकदा स्वतः टाइमलाइनवर बसून कात्री चालवली की माणूस व्हिडिओ वेगळ्या नजरेने पाहतो. हा शॉट इथेच का तोडला? आवाज मूळचा आहे की वरून लावलेला? कॅमेरा हलतोय पण गर्दीचा आवाज एकसारखा कसा? हे प्रश्न आपोआप पडतात. फॅक्ट-चेकच्या वेबसाइट उत्तम काम करतात, पण त्यांचं उत्तर येईपर्यंत क्लिप गावभर फिरून आलेली असते. मोहल्ल्यात असे प्रश्न विचारणारी दहा मुलंमुली असणं जास्त उपयोगाचं आहे. आता एआयने बनवलेले व्हिडिओ आले आहेत, तेव्हा ही गरज वाढतच जाणार.

परवानगीचा कागद

कोर्समधली आणखी एक गोष्ट मला आपल्या समाजासाठी फार मोलाची वाटते. ज्याला कॅमेऱ्यासमोर आणायचं त्याची लेखी परवानगी घ्यायची, आणि कशासाठी शूट करतोय ते आधी समजावून सांगायचं. कागदावर सही नसेल तर ते काम वर्गात तपासलंच जात नाही.

एका असाइनमेंटसाठी मी फ्रीमाँटमधल्या एका अफगाण नानबाईकडे गेलो. मोठमोठ्या अफगाण रोट्या भाजणारा माणूस. तो बोलायला तयार होता, पण चेहरा नको म्हणाला. मागे कुटुंब आहे, एवढंच त्याने सांगितलं. मी तीन मिनिटांची पूर्ण फिल्म त्याच्या हातांवर केली. पीठ, भट्टी, रोटीवर बोटांनी ओढलेल्या रेघा आणि वर त्याचा आवाज. वर्गात लोकांनी ती पुन्हा लावायला सांगितली. चेहऱ्याशिवायही माणूस दाखवता येतो, आणि त्याची इज्जत राखूनच दाखवता येतो.

आता आपल्याकडच्या रमजानचे फोटो आठवा. रेशनची किट वाटताना विधवा बाईच्या हातात पिशवी, शेजारी पाच कार्यकर्ते, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. त्या बाईला कोणी विचारलं होतं का? तो फोटो तिच्या मुलाच्या वर्गातल्या ग्रुपवर गेला तर काय, याचा विचार कोणी केला होता का? उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं शिकवणारा आपला दीन. माध्यमांनी आपली इज्जत राखावी असं आपण म्हणतो. ती राखण्याची सुरुवात आपल्या गरिबांपासून करावी लागेल. रीतसर शिकलेला मुलगा हातात कॅमेरा घेताना आधी हा प्रश्न विचारेल.

घरातून येणारे आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा. माझ्या खालाने फोनवर विचारलं, "इंजिनियर होके अब शादी की शूटिंग करेगा क्या?" मी म्हणालो, "खाला, तुमच्याच मुलीच्या लग्नाचं शूटिंग बघा. तीन तासांत नवरीचा आवाज एकदाही ऐकू येत नाही." ती हसली. पण तिच्या प्रश्नात पोटाची चिंता आहे आणि ती चुकीची नाही. म्हणून मी कोणालाही शिक्षण किंवा नोकरी सोडून सिनेमात जा, असं सांगणार नाही. संध्याकाळच्या कॉलेजचा मुद्दाच हा आहे की घर चालवणारं काम चालू ठेवून हे शिकता येतं. शिवाय लग्नाचं शूटिंग, शाळांचे आणि कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, सबटायटल, साउंड ही सगळी मेहनतीची आणि इज्जतीची कामं आहेत. केरळमधल्या बस तिकीट तपासनिसाचा मुलगा रसूल पुकुट्टी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये आवाजाचं तंत्र शिकला आणि २००९ मध्ये त्याला साउंडचं ऑस्कर मिळालं. पडद्यामागच्या कामाचीही एक उंची असते.

दुसरा आक्षेप धर्माचा. चित्रावरची चर्चा इस्लाममध्ये जुनी आहे आणि मी काही आलिम नाही. इतकं मात्र नोंदवतो की इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की पूजेचा धोका नसेल तर ज्ञानासाठी चित्र उपयोगाचं आहे. इराणने मजीद मजीदी आणि असगर फरहादी दिले. सौदी अरेबियात २०१८ पासून पुन्हा थिएटरं उघडली आहेत. आणि कॅमेरा हराम आहे असं सांगणारे बयानही आज यूट्यूबवरच पाहायला मिळतात. कॅमेरा घरात कधीच आला आहे. तो जबाबदारीने वापरायचा की कसाही, एवढाच प्रश्न उरला आहे.

तिसरा आक्षेप थोडा वेगळा आहे: आपली धुणी बाहेर का धुवायची? समाजावर आधीच इतके हल्ले होत असताना तलाक, मेहेर, मुलींची शाळा सुटणं, जातीची उतरंड यांवर आपणच फिल्म का करायची? मला उलट वाटतं. या गोष्टी बाहेरच्यांनी दाखवल्या की त्यात तिरस्कार मिसळलेला असतो. त्याच गोष्टी आपल्यातल्या मुलीने, आपल्या बोलीत, त्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून दाखवल्या तर त्यांत न्यायाची मागणी ऐकू येते. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला तेव्हा त्यांनाही हाच आक्षेप ऐकावा लागला होता. त्यांच्यावर ज्योती सुभाष यांनी डॉक्युमेंटरी केली ती २०१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

मालेगावने काय दाखवलं

आपल्या मुलांत हुनर नाही, असं कोणी म्हणू नये. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने यंत्रमाग कामगारांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. जुळवाजुळव करून, हाताशी असलेल्या साधनांवर, कुठल्याही शाळेत न जाता. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या डॉक्युमेंटरीमुळे ही मंडळी जगभर पोचली, आणि पुढे रीमा कागती यांनी त्यांच्यावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा सिनेमा केला. दोन्ही फिल्म प्रेमाने बनवलेल्या आहेत, जरूर पाहा. पण एक गोष्ट मनात राहते. इतकी ओढ असलेल्या त्या गावाची गोष्ट जगाला सांगायला बाहेरून लोक यावे लागले. गावात शिकायची सोय असती तर नासिरभाईंच्या मागून आलेल्या मुलांनी मालेगावच्या आणखी किती गोष्टी सांगितल्या असत्या!

एफटीआयआय पुण्यात १९६० पासून आहे आणि ती उत्तम संस्था आहे, पण तिच्या जागा मोजक्या. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं होतं की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एकच मुसलमान असतो. जिथे अरुंद दारातून जाणं इतकं कठीण, तिथे रुंद दार बांधावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची कम्युनिटी कॉलेजची योजना आपल्याकडे २०१३ मध्येच आली. प्रचलित कॉलेजात कौशल्याचे सर्टिफिकेट आणि डिप्लोमा कोर्स चालवता यावेत, हाच तिचा हेतू होता. म्हणजे ही कल्पना आपल्या व्यवस्थेला नवीन नाही. कमी आहे ती मागणी करणाऱ्यांची.

काय करता येईल

आपल्या शिक्षणसंस्थांकडे इमारती आहेत आणि संध्याकाळी त्या रिकाम्या असतात. मुंबई, पुणे, औरंगाबाद, मालेगाव, भिवंडी, कुठल्याही एका संस्थेने सहा महिन्यांचा एक सर्टिफिकेट कोर्स सुरू करावा. त्याला स्टुडिओ लागत नाही. पाच बरे मोबाइल, दोन वायरलेस माईक, दोन ट्रायपॉड, एक एलईडी लाइट आणि दोन कॉम्प्युटर पुरेसे आहेत. डाविंची रिझॉल्व्हसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. साहित्य ग्रंथालयासारखं नाव लिहून घरी न्यायला द्यावं. वर्गाची एक वेळ बायकांना जमेल अशी दुपारची ठेवावी आणि लहान मुलांसाठी शेजारची खोली उघडी ठेवावी. आणि हा वर्ग फक्त मुसलमानांसाठी नको. शेजारच्या वस्तीतली मुलं एकाच टेबलावर बसून एकच फिल्म कापतील, तर अर्धं काम तिथेच होईल.

संस्था हलेपर्यंत तुम्ही थांबू नका. चार-पाच जणांचा गट करा. परवानगीचा कागद मराठीत आणि उर्दूत लिहून काढा. पहिलं काम म्हणून आपल्या घरातल्या, गल्लीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाची मुलाखत घ्या. गिरणीत काम केलेले, भिवंडीचे आणि मुंबईचे दंगे पाहिलेले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गेलेले लोक अजून आपल्यात आहेत, पण फार वर्षं नसतील. त्यांना मराठीत बोलू द्या. "तुम्ही मुसलमान, तरी मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याला उत्तर देत बसण्यापेक्षा आपल्या नानींची एक तासाची मुलाखत जास्त काम करेल.

या रविवारी एक खोली निवडा, पंखा बंद करा, माईक लावा आणि त्यांना पहिला प्रश्न विचारा. मुलाखत झाल्यावर अर्धा मिनिट सगळे गप्प राहा, तेही रेकॉर्ड करा. फाइलीला तारीख आणि गावाचं नाव द्या, आणि दोन ठिकाणी जपून ठेवा.